टॅब बदलण्याआधी अ‍ॅप तपासा

हल्ली आपल्या व्यापारी बांधवांच्या दुकानांत टॅब दिसू लागला आहे. साडीचा ठोक व्यापारी प्रत्येक गठ्ठा सोडण्याऐवजी टॅबवर डिझाइने दाखवितो. फर्निचरवाला सोफा चारी बाजूंनी फिरवून दाखवितो. लाद्यांचा व्यापारी गिऱ्हाइकाला पसंत पडलेली लादी स्वयंपाकघराच्या चित्रात बसवून दाखवितो. शिकवणीचे वर्गही मुलांना टॅबवर धडे देऊ लागले आहेत. यासाठी लागणारे अ‍ॅप बहुधा एखादा ओळखीचा तरुण किंवा दोन-चार तरुणांची लहानशी कंपनी तयार करून देते. संगणकाचे शिक्षण घेतलेल्या आपल्या समाजातील मुलांना या कामातून हलाल रोजी मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि या धंद्यात एक तक्रार नेहमी ऐकू येते. अ‍ॅप अडकते. गिऱ्हाइक बोट फिरविते आणि चित्र मागाहून येते. यादी सरकविली की झटके बसतात. पंधरा-वीस मिनिटांत टॅब तापतो आणि मग सारेच काम मंदावते. दुकानदार अ‍ॅप बनविणाऱ्याला फोन करतो आणि तिकडून ठरलेले उत्तर येते, "तुमचा टॅब हलका आहे. भारी टॅब घ्या."

हे उत्तर काही वेळा खरे असते. परंतु पुष्कळदा ते खरे नसते, असे आमचे म्हणणे आहे. दोष टॅबचा की अ‍ॅपचा, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरविता येते. अ‍ॅप विकत घेणारा व्यापारी आणि ते बनविणारा तरुण, या दोघांनाही उपयोगी पडावी म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

प्रश्न पैशाचा आहे

समजा, एका व्यापाऱ्याने आपल्या विक्रेत्यांसाठी १२ हजार रुपयांचा एक असे १० टॅब घेतले. खर्च झाला १ लाख २० हजार. अ‍ॅप अडकते म्हणून त्याला ३५ हजारांचे टॅब घ्यावयास लावले, तर आणखी साडेतीन लाख रुपये गेले. जुने टॅब धूळ खात पडले. उलट, अ‍ॅपमधील दोष दूर करण्यास जाणकार तरुणाला आठ-दहा दिवसांची मेहनत पुरली असती. इतके करून नव्या टॅबवरही अ‍ॅप अडकले, तर व्यापाऱ्याचा पैसा आणि तरुणाची पत ही दोन्ही जातात. लहान कंपनीचा धंदा तोंडी शिफारशीवर चालतो. एका दुकानात नाव खराब झाले की ते साऱ्या बाजारात पोहोचते.

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

टॅबच्या पडद्यावर जे हलताना दिसते ते सिनेमाप्रमाणे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांनी बनते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सर्वसाधारण टॅबचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र घेतो. म्हणजे एक फ्रेम तयार करण्यास अ‍ॅपला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. भारी टॅबचा पडदा सेकंदाला १२० फ्रेम घेतो. तेथे तर ८.३३ मिलिसेकंदच मिळतात.

या वेळेत दोन कारागिरांनी काम पुरे करावयाचे असते. मुख्य प्रोसेसर काय काढावयाचे ते ठरवितो आणि हुकूम देतो. जीपीयू नावाचा दुसरा प्रोसेसर त्या हुकुमाप्रमाणे पडद्यावरचे ठिपके रंगवितो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. दोघांपैकी एकाला जरी उशीर झाला तरी ती फ्रेम चुकते, जुनेच चित्र पडद्यावर राहते आणि पाहणाऱ्याला झटका जाणवतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरासरी फसवी असते. समजा, १०० फ्रेमपैकी ९८ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत झाल्या आणि २ फ्रेमना प्रत्येकी २०० मिलिसेकंद लागले. एकूण वेळ १,३८० मिलिसेकंद आणि सरासरी १३.८ मिलिसेकंद. कागदावर अ‍ॅप उत्तम ठरते. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाला दोनदा सेकंदाच्या पाचव्या भागाइतका थांबा जाणवतो. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत वाईट फ्रेमना किती वेळ लागला, तेही विचारावे.

महाग टॅब म्हणजे वेगवान टॅब नव्हे

याचे चांगले उदाहरण अ‍ॅपल कंपनीच्या आयपॅडचे आहे. २०११ साली आलेल्या आयपॅड २ चा पडदा १०२४ बाय ७६८ पिक्सेलचा होता. म्हणजे एकूण ७ लाख ८६ हजार ४३२ पिक्सेल. मार्च २०१२ मध्ये तिसऱ्या पिढीचा आयपॅड आला. त्याचा पडदा २०४८ बाय १५३६, म्हणजे एकूण ३१ लाख ४५ हजार ७२८ पिक्सेल. पिक्सेल बरोबर चौपट झाले. मात्र चित्र रंगविणाऱ्या जीपीयूचे गाभे दोनाचे चार झाले, म्हणजे दुप्पटच, आणि तेही त्याच जातीचे होते. काम चौपट आणि कामगार दुप्पट, असा हा मामला होता.

परिणाम असा झाला की, सावल्या आणि पारदर्शक थर यांनी सजविलेली जी अ‍ॅप जुन्या आयपॅडवर सुरळीत चालत, त्यांपैकी काही नव्या आयपॅडवर अडखळू लागली. जाणकार निर्मात्यांनी यावर उपाय केला. खेळातले चित्र कमी पिक्सेलमध्ये काढावयाचे आणि मग ते पडद्याइतके मोठे करावयाचे. अक्षरे आणि बटणे मात्र पूर्ण स्पष्टतेने काढावयाची. पाहणाऱ्याला फरक फारसा कळत नसे आणि वेग मिळत असे. त्याच वर्षाअखेर अ‍ॅपलने अधिक ताकदीच्या जीपीयूचा चौथ्या पिढीचा आयपॅड बाजारात आणला.

हा धडा आजही लागू आहे. १२८० बाय ८०० पिक्सेलच्या साध्या टॅबला १० लाख २४ हजार पिक्सेल रंगवावे लागतात. १९२० बाय १२०० पिक्सेलच्या टॅबला २३ लाख ४ हजार, म्हणजे सव्वादोन पट. पडदा जितका बारीक, तितके काम जास्त. म्हणून टॅब घेताना केवळ पडद्याची चमक पाहून भुलू नये.

पहिले काम मोजण्याचे

अ‍ॅप अडकू लागले की काही तरुण लगेच कोड बदलावयास बसतात. आमच्या मते ही पद्धत चुकीची आहे. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. अँड्रॉइड टॅबमध्ये मोजण्याची साधने मोफत आणि हाताशी आहेत. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकविले की डेव्हलपर ऑप्शन्स हा विभाग उघडतो. त्यात जीपीयू रेंडरिंगचे प्रोफाइल दाखविणारी सोय आहे. ती चालू केली की पडद्यावर उभ्या पट्ट्या उमटतात. एक पट्टी म्हणजे एक फ्रेम. आडवी हिरवी रेघ म्हणजे १६.६७ मिलिसेकंदांची मर्यादा. पट्ट्या रेघेच्या खाली राहिल्या तर ठीक. वर जाऊ लागल्या तर तेथेच रोग आहे. व्यापाऱ्यालाही ही तपासणी स्वतः करता येते. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही.

यापुढची तपासणी बनविणाऱ्याने करावयाची आहे. अँड्रॉइड स्टुडिओचा प्रोफायलर, पर्फेटो, तसेच आयपॅडसाठी एक्सकोडमधील इन्स्ट्रुमेंट्स ही साधने कोणत्या कामाला किती वेळ लागला ते दाखवितात. मोजताना दोन पथ्ये पाळावीत. एक, संगणकावरच्या नकली टॅबवर मोजू नये, खऱ्या टॅबवरच मोजावे. दोन, चुका शोधण्यासाठी केलेली डीबग आवृत्ती मुळातच मंद असते. फ्लटरने बनविलेल्या अ‍ॅपमध्ये तर हा फरक फार मोठा असतो. म्हणून गिऱ्हाइकाला द्यावयाची रिलीज आवृत्ती, किंवा मोजण्यासाठी असलेली प्रोफाइल आवृत्तीच मोजावी.

दोन कारागिरांपैकी कोण मागे पडतो, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. थ्रीडी चित्र तात्पुरते निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत काढून पाहावे. वेग चांगलाच वाढला तर भार जीपीयूवर, म्हणजे पिक्सेल रंगविण्यात आहे. वेग तितकाच राहिला तर बहुधा मुख्य प्रोसेसर अडला आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

चित्रांचे खरे वजन

कॅटलॉगच्या अ‍ॅपमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे अवाढव्य फोटो. हल्लीच्या मोबाइलवर काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबीचा असेल. परंतु पडद्यावर दाखविण्यासाठी तो मेमरीत उलगडावा लागतो. तेव्हा एका पिक्सेलला ४ बाइट याप्रमाणे त्याला ४८ एमबी जागा लागते. पडद्यावर असे २० फोटो लहान चौकटींत दाखविले तर ९६० एमबी झाले. ३ जीबी मेमरीच्या टॅबचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पानाने खाल्ला. मग टॅब अडकणार नाही तर काय होईल?

त्या चौकटीची मूळ मापे मात्र ४०० बाय ३०० पिक्सेलच असतात. फोटो त्याच मापात उलगडला तर त्याला अर्धा एमबीही लागत नाही. २० फोटोंचे मिळून ९.६ एमबी होतात. म्हणजे भार शंभरपट कमी झाला आणि गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या चित्रात काहीही फरक पडला नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती आधीच करून ठेवाव्यात. यादीसाठी लहान, एका डिझाइनच्या पानासाठी मध्यम आणि बोटांनी मोठे करून पाहण्यासाठी मोठी प्रत. जी लागेल तीच उघडावी. केवळ फाइल दाबून लहान केली म्हणजे काम झाले असे नव्हे. त्याने डाउनलोडचा वेळ वाचतो, पण मेमरीत उलगडल्यावर पिक्सेल तितकेच राहतात. पुष्कळ तरुण येथेच फसतात.

यादीचेही असेच आहे. दोन हजार डिझाइने असली तरी पडद्यावर एका वेळी बारा-पंधराच दिसतात. दोन हजार चौकटी एकदम तयार करण्याची गरज नाही. पंधरा-वीस चौकटी तयार करून, वर सरकून दिसेनाशी झालेली चौकट खाली नव्या डिझाइनसाठी पुन्हा वापरावी. अँड्रॉइडमध्ये रिसायकलर व्ह्यू, आयपॅडमध्ये कलेक्शन व्ह्यू आणि फ्लटरमध्ये लिस्ट व्ह्यू बिल्डर ही साधने यासाठीच दिलेली आहेत.

रंगावर रंग, थरावर थर

दुसरा मोठा दोष म्हणजे एकच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगविणे. यास ओव्हरड्रॉ म्हणतात. आधी पांढरी पार्श्वभूमी रंगविली. तिच्यावर एक चित्र टाकले. त्यावर रंगीत चौकट, चौकटीत पुन्हा पांढरा रंग आणि शेवटी साडीचा फोटो. गिऱ्हाइकाला वरचा फोटोच दिसतो. खालचे सारे थर झाकले गेले, परंतु जीपीयूची मेहनत खर्च झालीच.

हिशेब करून पाहू. १२८० बाय ८०० चा पडदा सेकंदाला ६० वेळा एकदाच रंगविला तर सेकंदाला ६ कोटी १४ लाख ४० हजार पिक्सेल रंगवावे लागतात. चार थर असतील तर २४ कोटी ५७ लाख ६० हजार. भिंतीला एक हात पुरत असताना चार हात मारणाऱ्या रंगाऱ्याला मालक मजुरी देईल काय?

अँड्रॉइडच्या त्याच डेव्हलपर विभागात ओव्हरड्रॉ दाखविण्याची सोय आहे. ती चालू केली की पडदा रंगीत होतो. मूळ रंग दिसला तर जादा थर नाही. निळा म्हणजे एक जादा थर, हिरवा म्हणजे दोन, गुलाबी म्हणजे तीन आणि लाल म्हणजे चार किंवा अधिक. थोडा निळा-हिरवा रंग चालतो. सारा पडदा लाल दिसला तर बनविणाऱ्याला जाब विचारावा. पुष्कळदा दोन-तीन ठिकाणची निरर्थक पार्श्वभूमी काढून टाकली की लाल पडदा निळा होतो. हे काम काही तासांचे असते.

पारदर्शक थर, मऊ सावल्या आणि धूसर काचेसारखा परिणाम यांचा खर्च याहून जास्त आहे. याचे कारण मोबाइल जीपीयूच्या रचनेत आहे. माली, पॉवरव्हीआर, अ‍ॅड्रेनो, अ‍ॅपल अशा बहुतेक मोबाइल जीपीयू पडद्याचे लहान लहान तुकडे करतात. एक तुकडा आपल्याजवळच्या जलद मेमरीत पुरा रंगवितात आणि मगच तो मुख्य मेमरीत एकदा लिहितात. यामुळे वीज वाचते. धूसरपणा आणावयाचा म्हटले की आधी काढलेले चित्र मुख्य मेमरीत लिहून तेथून पुन्हा वाचावे लागते. ही ये-जा वेळ खाते आणि बॅटरीही खाते. सबब हलत्या यादीत अशी सजावट टाळावी. सावली हवीच असेल तर ती आधीच काढलेल्या चित्राच्या रूपात लावावी. वेबसाइट गुंडाळून बनविलेल्या अ‍ॅपलाही हाच नियम लागू आहे. तेथे वस्तू सरकविताना तिची जागा आणि पारदर्शकता एवढेच बदलावे. रुंदी-उंची बदलली की सारे पान पुन्हा मांडावे लागते.

थ्रीडी नमुन्याची गोष्ट

सोफा किंवा कपाट फिरवून दाखविणाऱ्या अ‍ॅपमध्ये आणखी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट हुकुमांची. सोफ्याचे पाय, गादी, हात, शिलाई हे सारे वेगवेगळे तुकडे असतील आणि प्रत्येकाचे कापडाचे चित्र वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर मुख्य प्रोसेसरला प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा हुकूम द्यावा लागतो. यास ड्रॉ कॉल म्हणतात. ठोक व्यापारी एक-एक मीटर कापड वेगवेगळ्या टेम्पोने पाठवीत नाही, एकाच गाडीत माल भरतो. तसेच येथे करावे. लहान चित्रे एका मोठ्या चित्रात एकत्र करावीत आणि एकाच प्रकारचे तुकडे जोडून एका हुकुमात काढावेत.

दुसरी गोष्ट त्रिकोणांची. थ्रीडी नमुना त्रिकोणांनी बनलेला असतो. कारखान्याच्या डिझाइनसाठी केलेल्या नमुन्यात लाखो त्रिकोण असतात. दहा इंचांच्या पडद्यावर त्यांतले बहुतेक एका पिक्सेलपेक्षाही लहान होतात. असा नमुना जसाच्या तसा टॅबवर टाकू नये. त्याची हलकी प्रत करावी. शिलाईसारखा बारीक तपशील चित्रातूनच दाखवावा.

तिसरी गोष्ट चित्रांच्या दाबणीची. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचे कापडाचे चित्र साध्या रूपात जीपीयूच्या मेमरीत १६ एमबी जागा घेते. ईटीसी२ पद्धतीने दाबलेले, पारदर्शकता नसलेले तेच चित्र २ एमबीत बसते. एएसटीसी या पद्धतीत गुणवत्ता आणि आकार यांचे प्रमाण आपल्याला ठरविता येते. या पद्धतींचे वैशिष्ट्य असे की, चित्र मेमरीतही दाबलेलेच राहते आणि जीपीयू ते तसेच वाचते.

एवढे करूनही वेग कमी पडला तर २०१२ साली केलेला उपाय करावा. १९२० बाय १२०० च्या पडद्यावर सोफ्याचे चित्र १४४० बाय ९०० मध्ये काढून मोठे करावे. काम ५६ टक्क्यांवर येते.

काउंटरवरचा माणूस

दुकानात काउंटरवर एकच माणूस असेल आणि त्यालाच गोदामातून माल आणावयास पाठविले, तर गिऱ्हाइक ताटकळत उभे राहते. अ‍ॅपमध्ये मेन थ्रेड हा असा काउंटरवरचा माणूस आहे. बोटाचा स्पर्श ओळखणे आणि फ्रेमची तयारी करणे हे त्याचे काम. फाइल वाचणे, फोटो उलगडणे, इंटरनेटवरून दर मागविणे, दोन हजार डिझाइनांत शोध घेणे ही गोदामाची कामे त्याच्यावर टाकली की फ्रेम चुकणारच. ही कामे मागच्या थ्रेडवर द्यावीत आणि काम पुरे झाल्यावर निकाल तेवढा मेन थ्रेडकडे सोपवावा. मेन थ्रेड अडकून अँड्रॉइडच्या अ‍ॅपने स्पर्शाला ५ सेकंद दाद दिली नाही, तर अ‍ॅप प्रतिसाद देत नाही असा संदेश पडद्यावर येतो. गिऱ्हाइकासमोर दुकानदाराची यासारखी दुसरी शोभा नाही.

तापलेला टॅब

टॅबला पंखा नसतो. जीपीयू सतत पूर्ण जोराने चालली की टॅब तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी तो आपला वेग स्वतःच कमी करतो. म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीत चांगले चाललेले अ‍ॅप दुकानातल्या अर्ध्या तासाच्या वापरात अडकते. ईदच्या खरेदीची गर्दी असताना टॅब दिवसभर चालू असतो, हे बनविणाऱ्याने विसरू नये.

यावर उत्तम उपाय म्हणजे गरज नसताना चित्र न काढणे. सोफा स्थिर आहे, गिऱ्हाइक नुसते पाहत आहे, तरी अ‍ॅप सेकंदाला ६० वेळा तेच चित्र काढीत बसते, असे पुष्कळदा आढळते. बोट फिरले तरच नवे चित्र काढावे, एरवी जीपीयूला विसावा द्यावा. टॅब थंड राहतो आणि बॅटरीही टिकते. जड थ्रीडी चित्रात वेग कधी ६० तर कधी ४० असा वरखाली होत असेल, तर तो ठरवून ३० वर स्थिर ठेवलेला बरा. डोळ्याला संथ पण सारखी गती चालते, झटके चालत नाहीत.

ओले धान्य वर ठेवा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा करून त्यांनी फसवणुकीचा कडक निषेध केला. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. माप कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात 'मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे, हेही सर्वजण जाणतात.

अ‍ॅपच्या धंद्यात ओले धान्य कोणते? आपल्याजवळच्या सर्वांत भारी टॅबवर, पन्नास फोटो भरून, पाच मिनिटांचा नमुना दाखवावयाचा आणि गिऱ्हाइकाच्या हलक्या टॅबवर दोन हजार फोटोंसह अ‍ॅप सोपवावयाचे, हे आमच्या मते ओले धान्य खाली ठेवणेच होय. मनात खोट नसेलही. बनविणाऱ्याने हलक्या टॅबवर कधी चालवूनच पाहिले नसेल. परंतु ज्याने माल विकला त्याने तो तपासलेला असावा, ही तिजारतीची रीत आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, काम घेतानाच दोघांनी पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात.

१) अ‍ॅप कोणत्या टॅबवर चालावयाचे आहे, त्याचे नाव, मेमरी आणि पडदा. शक्य असल्यास व्यापाऱ्याने तसा एक टॅब बनविणाऱ्याजवळ देऊन ठेवावा.

२) चाचणी किती फोटो व किती नमुने भरून घ्यावयाची. हा आकडा दुकानातील खऱ्या मालाइतका असावा.

३) शंभर फ्रेमपैकी किती फ्रेम वेळेत यावयाच्या आणि सर्वांत वाईट फ्रेमला किती वेळ चालेल.

४) चाचणी अर्धा तास सलग घ्यावयाची आणि शेवटच्या पाच मिनिटांचा वेग नोंदवावयाचा.

५) ही चाचणी उतरली की राहिलेली रक्कम ठरल्या दिवशी द्यावयाची.

पाचवी अट व्यापाऱ्यांसाठी आहे. काम चोख झाल्यावरही हप्ते लांबविणे हाही मापात खोट करण्याचाच प्रकार आहे. तसेच चकाकी, सावल्या आणि उडती चित्रे यांचा हट्ट बहुधा मालकाचाच असतो. प्रत्येक शोभेची किंमत मिलिसेकंदांत मोजावी लागते, हे त्यांनीही समजून घ्यावे.

एवढी तपासणी झाल्यावर, फोटो योग्य मापाचे आहेत, थर कमी केले आहेत, मेन थ्रेड मोकळा आहे, तरी टॅब अडकतो असे दिसून आले, तर टॅब खरोखरच अपुरा आहे. मेमरी फारच कमी असेल, साठवणीची जागा भरत आली असेल किंवा कंपनीने त्याला सुधारणा देणे बंद केले असेल, तर नवा टॅब जरूर घ्यावा. तो खर्च मग डोळे उघडे ठेवून केलेला असेल.

ज्या तरुणांना या धंद्यात पुढे यावयाचे आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या कामाच्या टेबलावर एक जुना, हलका टॅब कायम ठेवा आणि रोजचे काम त्याच्यावर चालवून पाहा. त्याच्यावर जे सुरळीत चालेल ते भारी टॅबवरही चालण्याची पुष्कळ खात्री असते, तरी माल सोपविण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या टॅबवर एकदा मोजून घ्या. मोजमापाचा कागद कामाबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती द्या. अशा माणसाकडे गिऱ्हाइक पुन्हा येते, दुसऱ्यालाही घेऊन येते आणि इन्शाअल्लाह त्याच्या कमाईत बरकत राहते.